पाच दिवस झाले, पिल्लू दिवाणाखालून बाहेर येत नाही

तुमचं म्हणणं आधी माझ्या शब्दांत सांगते, म्हणजे मला नीट समजलंय का ते कळेल. सोसायटीच्या पार्किंगमधलं साधारण १० आठवड्यांचं मांजराचं पिल्लू तुम्ही पाच दिवसांपूर्वी सिंहगड रोडवरच्या तुमच्या टू बीएचकेमध्ये आणलंत. आल्या आल्या ते हॉलमधल्या दिवाणाखाली शिरलं, ते अजून तिथेच आहे. दिवसा वाटीला तोंड लावत नाही, रात्री सगळे झोपले की खातं. हात पुढे केला की फिसकारतं. आठ वर्षांची मुलगी दिवाणासमोर पालथी पडून ‘चिकू, चिकू’ करून हाका मारते आणि रडवेली होते. सासूबाई म्हणतात, धरून बाहेर काढा, चार दिवस मांडीवर घ्या, आपोआप माणसाळेल. आणि तुम्ही विचारताय, की त्याला परत पार्किंगमध्ये सोडून यावं का.

सोडू नका. आणि धरून बाहेरही काढू नका. गेली १६ वर्षं मी सहकारनगरच्या माझ्या घरी अशी पिल्लं कायमचं घर मिळेपर्यंत सांभाळते. तुमच्या पाच दिवसांच्या हकिगतीत मला काळजी वाटावी असं जवळजवळ काही दिसत नाही. रात्री खातंय, वाळूच्या ट्रेमध्ये शी-शू करतंय, फिसकारण्याइतकी ताकद आहे. हे घाबरलेलं पण धडधाकट पिल्लू आहे. त्याला बाहेर कसं काढायचं हा तुमचा प्रश्न. मी तो जरा फिरवून घेते: बाहेर यावंसं वाटलं तर येता येईल, आणि भीती वाटली तर लगेच परत जाता येईल, अशी जागा त्याला तुमच्या घरात कशी करून द्यायची?

मांजर पिल्लांना सात घरं दाखवते असं आपण म्हणतो ना, ते उगीच नाही. सातच असतील असं नव्हे, पण आई खरोखरच पिल्लांना एका आडोशातून दुसऱ्या आडोशात उचलून नेत असते. ती खाणं शोधायला गेली की पिल्लांनी आवाज न करता आडोशाला बसून राहायचं, हे त्यांच्या हाडीमाशी असतं. जे बाहेर रेंगाळतं ते कुत्र्याच्या नाहीतर गाडीच्या तावडीत सापडतं. चिकूच्या दृष्टीने पाहा. आई नाही, भावंडं नाहीत, ओळखीचा एकही वास नाही, चार अवाढव्य प्राणी घरभर चालतायत. अशा वेळी अंधारात गप्प बसून राहणं हा त्याचा शहाणपणा आहे.

आता वयाबद्दल. मांजराच्या पिल्लाला माणसाची ओळख सहज पटते ती साधारण दुसऱ्या ते सातव्या आठवड्यात. त्या काळात रोज माणसाचा हात लागला असेल, तर ते नव्या घरात दोन-तीन दिवसांत अंगाखांद्यावर खेळतं. चिकूचा तो काळ पार्किंगमध्ये गेला. तिथे रोज कुणी त्याला खायला घालून हाताळत होतं, की ते लांबूनच माणसं बघत होतं, हे वॉचमनकाकांना किंवा खाऊ घालणाऱ्यांना विचारून घ्या. कारण पुढे किती वेळ लागेल ते बरंचसं यावर ठरेल. माझ्याकडची या वयाची, हात न लागलेली पिल्लं बहुतेक तीन ते सहा आठवड्यांत सैल झाली. काही त्याआधी झाली. दोन अशी होती की वर्षभरानेही मांडीवर बसली नाहीत, पण रोज रात्री पायथ्याशी येऊन झोपायची. तुमचं कोणत्या जातकुळीचं निघेल हे आज कुणीच सांगू शकणार नाही.

सासूबाईंचं म्हणणं मी मोडीत काढत नाहीये. त्यांनी वाड्यातली मांजरं पाहिली असतील आणि ती खरोखर माणसाळलेली असायची. पण ती कशी, हे त्यांनाच आठवायला सांगा. वाड्यातलं मांजर माळ्यावर झोपायचं, जिन्याच्या कठड्यावरून खालचा कानोसा घ्यायचं, दूध तापल्याचा वास आला की स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत यायचं आणि कुणी उठलं की मागच्या दाराने पसार. त्याला पकडून मांडीवर कुणी बसवत नसे. किती जवळ यायचं ते त्याचं ते ठरवायचं, पळायला दहा वाटा होत्या, म्हणून ते हळूहळू जवळ यायचं. आपल्या सातशे स्क्वेअर फुटांच्या फ्लॅटमध्ये त्या वाटा नाहीत. एक दिवाण तेवढा आहे. तोही सुरक्षित नाही असं त्याला एकदा कळलं, की मग त्याने जायचं कुठे?

मी ही चूक केलेली आहे, म्हणून एवढ्या कळकळीने सांगते. सुरुवातीच्या वर्षांत एक काळं पिल्लू माझ्याकडे आलं आणि फ्रीजच्या मागे जाऊन बसलं. तिसऱ्या दिवशी मला राहवेना. टॉवेल टाकून धरलं, बाहेर काढलं, छातीशी घेऊन बसले. ते अगदी शांत झालं, मला वाटलं जमलं. पण ते शांत झालं नव्हतं, थिजलं होतं. डोळ्यांच्या बाहुल्या पूर्ण विस्फारलेल्या, अंग दगडासारखं घट्ट, कान मागे चिकटलेले. सोडल्यावर ते परत फ्रीजमागे गेलं आणि पुढचे दोन दिवस रात्रीसुद्धा खाल्लं नाही. माझ्या पावलांचा आवाज आला की फिसकारायला लागलं. तीन दिवसांत मिटलं असतं ते निस्तरायला मला महिना लागला.

लपायला जागा दिली तर ते कायमचं लपूनच राहील, अशी भीती सगळ्यांना वाटते. होतं उलट. नेदरलँड्समधल्या संशोधकांनी २०१४ साली प्रसिद्ध केलेला एक अभ्यास आहे. निवारा केंद्रात नव्याने आलेल्या १९ मांजरांपैकी १० जणांना लपायला खोका दिला, ९ जणांना दिला नाही. खोका मिळालेली मांजरं पहिल्या काही दिवसांतच इतरांपेक्षा लवकर सावरली. मला हे वाचून बरं वाटलं, कारण माझ्याकडे वाण्याच्या दुकानातून आणलेले पुठ्ठ्याचे खोके हेच मुख्य औषध असतं.

तर आधी जागा. हॉल ही त्याच्यासाठी घरातली सगळ्यात वाईट जागा आहे, कारण बेल, टीव्ही, येणारी-जाणारी माणसं सगळं तिथेच. दुसरी बेडरूम एक-दोन आठवडे त्याला देता येत असेल तर द्या. पण उचलून नेऊ नका. मध्यम आकाराचा एक खोका आडवा करा, मागच्या बाजूनेही एक भोक पाडा, आत जुनी गोधडी किंवा वापरलेली सुती साडी घाला आणि तो दिवाणाखाली त्याच्या कोपऱ्यापर्यंत सरकवून ठेवा. रात्रीचं खाणं त्या खोक्याच्या तोंडाशी. दोन-तीन रात्रींत ते खोक्यात झोपायला लागतं. मग एके दिवशी ते आत गाढ झोपलेलं असताना दोन्ही तोंडं पुठ्ठ्याने झाकून खोकाच उचलून बेडरूममध्ये न्यायचा, खाली ठेवायचा, पुठ्ठे काढायचे आणि तुम्ही बाहेर. गोधडी धुवू नका. तुम्हाला ती कळकट वाटेल, पण तिला आता त्याचा वास लागलाय आणि या घरात त्याचं स्वतःचं म्हणावं असं सध्या तेवढंच आहे.

बेडरूममध्ये नेण्याआधी खोली गुडघ्यांवर बसून तपासा. कपाटामागची फट, बॉक्स बेडचं आतलं भोक, सोफा-कम-बेडचा सांगाडा. जिथे ते शिरेल आणि तुम्हाला दिसणारच नाही, अशा फटी जुन्या उशा कोंबून बंद करा. खिडकीला बारीक जाळी हवी. कबुतरांसाठी बसवलेल्या जाळीतून एवढंसं पिल्लू डोकं काढू शकतं, आणि डोकं गेलं की बाकीचं अंग जातंच. सेफ्टी डोअरच्या गजांचंही तेच. ड्राय बाल्कनीत तर पिल्लू कधीच ठेवू नका, वॉशिंग मशीनच्या खाली आणि मागे शिरलेली पिल्लं काढताना काय होतं ते मी पाहिलंय. लादी पुसायला फिनाईल नको. मांजराच्या यकृताला ती रसायनं पचवता येत नाहीत आणि पंजे चाटताना ती थेट पोटात जातात. साधं पाणी, फार तर थोडा सौम्य साबण.

ट्रे एका कोपऱ्यात, खाणं-पाणी त्याच्या समोरच्या कोपऱ्यात, खोका तिसऱ्या. शक्य असेल तर टेबलावर किंवा कपाटाच्या खालच्या फळीवर दुसरा एक खोका, उंचावरून बघता यावं म्हणून. वाड्यातल्या माळ्याची भरपाई.

खाण्याची वेळ हे तुमच्या हातातलं सगळ्यात मोठं साधन आहे. या वयाला दिवसातून चार वेळा थोडं थोडं लागतं. पिल्लांचं खाद्य द्या, नाहीतर मीठ, कांदा, लसूण न घालता उकडलेलं चिकन कुस्करून त्यात मिसळा. दूध-पोळी नको. गाईचं दूध पुष्कळ पिल्लांना बाधतं, जुलाब होतात आणि या आकाराच्या जिवाला जुलाब झेपत नाहीत. वेळा पक्क्या ठेवा आणि वाटी ठेवताना दर वेळी एकच शब्द, एकाच स्वरात बोला. मुलीने ठेवलेलं नाव फक्त तेव्हाच घ्या. दिवसभर नावाने हाका मारल्या तर ते नाव म्हणजे त्याच्यासाठी नुसता गोंगाट होऊन बसतो.

पहिले दोन दिवस वाटी ठेवून बाहेर जा. मग वाटी ठेवून खोलीतच, दाराशी, जमिनीवर बसा. खुर्चीवर नाही, जमिनीवर. त्याच्याकडे तोंड करून नाही, जरा कडेला वळून. टक लावून बघणं मांजरांच्या भाषेत दमदाटी असते. नजरानजर झालीच तर डोळे सावकाश मिटा, सावकाश उघडा आणि नजर दुसरीकडे वळवा. इंग्लंडमधल्या ससेक्स विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२० साली यावर प्रयोग केले होते. माणसाने असे डोळे मिचकावले की मांजरंही तसंच करतात आणि अनोळखी माणसाच्या हाताकडेही जास्त येतात, असं त्यांना आढळलं. तुमच्याकडे बघून चिकूने डोळे अर्धे मिटले, तर त्या दिवशी बाकी काही झालं नाही तरी चालेल.

ते तुमच्यासमोर खायला लागलं की वाटी रोज वीतभर तुमच्याकडे सरकवा. एखाद्या दिवशी खाणं सोडून मागे गेलं तर दुसऱ्या दिवशी वाटी दोन विती मागे न्या. त्यात कमीपणा काही नाही. माझ्याकडे एक करड्या पट्ट्यांची मादी होती, तिची वाटी मी खोलीच्या एका भिंतीपासून निघून माझ्या पायापर्यंत आणायला १९ दिवस घेतले. विसाव्या रात्री मी भिंतीला टेकून पेपर वाचत बसले होते. ती खाऊन झाल्यावर नेहमीसारखी खोक्यात गेली नाही. तिथेच उभी राहून तिने माझ्या पायाचा अंगठा हुंगला, ओलं नाक लागलं तशी स्वतःच दचकली, दोन पावलं मागे गेली, परत आली आणि एक पंजा, नखं आत घेऊन, अंगठ्यावर ठेवला. मी पेपरचं पान उलटलं नाही. पाय बधिर झाला तरी हलले नाही. मग ती गेली.

तुमच्या मुलीला या सगळ्यात मोठं काम द्या, नाहीतर ती दाराबाहेर थांबून कष्टी होईल. तिला रोज संध्याकाळी १५ मिनिटं खोलीत भिंतीशी बसून शाळेच्या पुस्तकातला धडा मोठ्याने वाचू दे. वाचताना मुलांची नजर आपोआप पुस्तकात असते, आवाज एका लयीत येतो आणि हात गुंतलेले असतात. भित्र्या पिल्लाला असाच माणूस हवा असतो. माझ्याकडची तीन-चार पिल्लं मोठ्यांच्या आधी वाचणाऱ्या मुलांपाशी गेली आहेत. अट एकच, हात पुढे करायचा नाही. पिल्लू आलं तरी वाचत राहायचं.

हात लावायची वेळ कळते. ते स्वतः येऊन तुमच्या गुडघ्याला अंग घासेल. तेव्हा एक बोट त्याच्या नाकाच्या उंचीवर, जरा लांब, नुसतं धरा. त्याने हुंगून गाल घासला तर गालावर, हनुवटीखाली तीन-चार सेकंद खाजवा आणि आपणहून थांबा. वरून डोक्यावर हात आणू नका, वरून येतं ते घारीचं असतं. शेपटीचं टोक फटकारायला लागलं, कान आडवे झाले, पाठीवरची कातडी थरथरली, तर त्या दिवसापुरतं पुरे. थांबल्यावर ते परत येऊन डोकं घासेल, तेव्हा तुम्हाला तो पहिला घुरघुराट ऐकू येईल.

इथवरचा क्रम लक्षात राहावा म्हणून: खोका, खोली, वाटी, जमिनीवर बसणं आणि सगळ्यात शेवटी हात. लोक हाताने सुरुवात करतात, तिथेच बिघडतं.

खेळ मध्येच कधीतरी सुरू होईल. दोन हात लांब काठीला कापडाची चिंधी बांधा आणि ती जमिनीवरून खोक्यापासून लांब जाईल अशी ओढा. अंगावर आणू नका, उंदीर कधी मांजराकडे धावत जात नाही. लपलेलं पिल्लू माणसाला भितं, पण पळणाऱ्या चिंधीपुढे त्याचा निभाव लागत नाही. खेळ झाला की लगेच दोन घास द्या आणि काठी-दोरी कपाटात ठेवा. दोरा, लोकर, नाडी गिळली तर आतड्यात अडकते आणि ऑपरेशनपर्यंत जातं. गळ्यात घुंगरू-घंटाही नको. मांजराला आपल्यापेक्षा कितीतरी वरच्या पट्टीतले आवाज ऐकू येतात, आपल्याला २० हजार हर्ट्झच्या पुढचं ऐकू येत नाही, त्याला ६० हजारांच्या पुढचंही येतं. स्वतःच्या मानेखालीच सतत किणकिण झाली तर भित्रं पिल्लू आणखी बिथरतं.

आवाजांचं पुण्यात जपावंच लागतं. कुकर आणि मिक्सर रोजचेच आहेत, दार लावून लांबून ऐकू आले की आठवड्याभरात सवय होते. पण नदीकाठी ढोल-ताशांचा सराव सुरू झाला, की त्याचा दणका सिंहगड रोडच्या इमारतींपर्यंत पोचतो. तुमच्याकडे गणपती बसत असेल तर आरतीच्या आधी खिडक्या-दार बंद, पंखा चालू, खोक्यावर जाड गोधडी आणि ‘मांजर बघू’ म्हणणाऱ्या पाहुण्यांना प्रेमाने नकार. दिवाळीतही तसंच. आवाज झाल्यावर धावत जाऊन त्याला कुरवाळायला जाऊ नका, तुम्ही नेहमीसारखे शांत वावरा.

आता ज्यात वाट बघायची नाही ते. पूर्ण २४ तास काहीच खाल्लं नाही, सारख्या शिंका आणि डोळ्यांतून चिकट पाणी, उलट्या, पाण्यासारखे जुलाब, किंवा फिसकारायचंही सोडून मलूल पडून राहणं. हा लाजाळूपणा नाही, त्याच दिवशी डॉक्टर. एवढी लहान पिल्लं मांजरांच्या पार्व्होने, म्हणजे उलट्या-जुलाबांच्या विषाणूजन्य आजाराने, एक-दोन दिवसांत जातात. वजनावर लक्ष ठेवायला त्याला पकडायची गरज नाही. स्वयंपाकघरातला डिजिटल वजनकाटा वाटीसमोर ठेवा, खायला ते त्यावर उभं राहतं. १० आठवड्यांचं पिल्लू किलोच्या आसपास हवं, पार्किंगमधली बहुतेक कमीच भरतात. आकडा रोज थोडा वर जातोय ना, एवढं बघायचं. जंताचं औषध आणि पहिली लस या वयाला द्यायलाच हवी, १२ आठवडे पूर्ण झाले की रेबीजचीही. त्यासाठी कॅरियर, म्हणजे मांजर न्यायची पेटी, आत्ताच आणून, झाकण काढून, त्याच्याच खोलीत ठेवून द्या, म्हणजे जायच्या दिवशी झटापट होणार नाही. पार्किंगमधली त्याची आई दिसली तर तिच्या नसबंदीचंही बघा. मांजर गाभण राहिली की साधारण दोन महिन्यांत विते.

आणि ते कुणाला चावलं किंवा रक्त येईल असं ओरबाडलं, तर ‘एवढंसं पिल्लूच तर आहे’ म्हणून सोडू नका. जखम नळाखाली साबणाने १५ मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जायचं. मुलीला हे भीती न घालता, पण स्पष्ट सांगून ठेवा.

शेवटी तुम्ही विचारलंय, की १२ दिवसांनी लग्नाला कोल्हापूरला जायचंय, चिकूला बरोबर न्यायचं का. नेऊ नका. गाडी, तिथलं पाहुण्यांनी भरलेलं घर आणि परतीचा प्रवास यात आत्तापर्यंत कमावलेलं सगळं जाईल. शेजारच्या काकू किंवा कुणी विश्वासातलं माणूस दिवसातून तीन वेळा येऊन खाणं ठेवेल आणि ट्रे साफ करेल, असं बघा. रोज तेच माणूस हवं. जायच्या आधी चार दिवस त्यांना तुमच्याबरोबर खोलीत येऊन दाराशी बसू दे, वाटी ठेवताना तुम्ही बोलता तोच शब्द बोलू दे. सासूबाई घरीच थांबणार असतील तर त्यांच्याइतकं चांगलं कुणीच नाही. त्यांना फक्त एवढंच सांगा, की वाटी ठेवायची आणि वाड्यातल्या मांजरासारखं त्याला त्याचं येऊ द्यायचं.